कवळी चावते का?

वायरमनच्या पिशवीत वायर सोलायचा चिमटा होता, पण तो नवाच्या नवा राहिला. शिडीवर चढल्यावर एका हाताने भिंत धरायची, दुसऱ्या हाताने वायर. मग चिमटा काय पायाने धरायचा? वायर सरळ तोंडात जायची. दात बसले, मनगटाला एक झटका, प्लास्टिकचं टोपण थू करून खाली, आणि आतली तांब्याची तार लख्ख. एक ओरखडा नाही. पुढच्या दातांत अशी खाच पडली होती की वायर जाड की बारीक हे तो डोळे मिटून सांगायचा. स्क्रू ओठांत, टेप दातांत, आणि बोलणं तरी चालूच. त्याचं बोलणं निम्म्या गिऱ्हाइकांना कळत नसे, पण दिवे लागत.

नावाने त्याला कोणी हाक मारत नव्हतं. गल्लीत तो वायरमन, आणि दारात कोणी आलं तर बायकोही म्हणायची, ‘‘आमचे वायरमन घरी नाहीत.’’ बायको शाळेत घंटा द्यायच्या कामावर होती. नोकरी संपली, आवाज निवृत्त झाला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती बोलली की तळमजल्यावरच्या लाँड्रीत ऐकू जाई.

गिऱ्हाइकांना ऐकवायचं त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. बाई तक्रार घेऊन आली, पंखा हळू फिरतो, बटण दाबलं की दिवा लुकलुकतो, की हा शांतपणे म्हणायचा, ‘‘फिटिंग शंभर टक्के बरोबर आहे. तुम्हाला वापरता येत नाही.’’ बहुतेक वेळा ते खरं असे. नसे तेव्हाही त्याचा आवाज तसाच असे.

दातांच्या बाबतीत मात्र हा माणूस गाढव होता, आणि त्याला दुसरा शब्द नाही. दाढ दुखली की लवंग, लवंगेने भागलं नाही की गोळी, आणि हलायला लागली की पक्कड. हो, पक्कड. कामाचीच, फडक्याने पुसून. मिठाच्या पाण्याची चूळ भरून दुपारी पुन्हा शिडीवर. दातांच्या डॉक्टरकडे जाणं त्याला दुसऱ्या वायरमनला घरी बोलावण्याइतकं लाजिरवाणं वाटे. दाढा अशा एकेक करून गेल्या. पुढचे दात वायरींनी झिजवले. साठी ओलांडली तेव्हा खालच्या बाजूला चार-पाच खुंट उरले होते, मोडक्या कुंपणासारखे, आणि वर काहीच नाही. ‘‘हिरड्या दगडासारख्या झाल्यात माझ्या,’’ तो फुशारकीने सांगायचा. ‘‘सफरचंद खाऊन दाखवू?’’ कोणी ‘दाखव’ म्हणत नसे म्हणून निभावलं. खरं तर तो भात, डाळीचं पाणी, चहात बुडवलेला पाव आणि केळी यांवर जगत होता. अंगावरचं मांस इतकं हळूहळू उतरलं की रोज बघणाऱ्यांना दिसलंच नाही.

मग जिना चढताना दम लागायला लागला. आधी तिसऱ्या मजल्यावर, मग दुसऱ्या, मग पहिल्यावरच. छातीच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, मशीनवर बघितलं आणि सांगितलं, हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे. ती बदलायला हवी. बदलली तर पुढे बरीच वर्षं आहेत. नाही बदलली तर नाहीत.

‘‘मग बदला की,’’ बायको म्हणाली.

‘‘असा माणूस मी टेबलावर घेणार नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, घाईत होते. ‘‘नुसतं हाडांवर कातडं आहे. रक्त नाही, ताकद नाही. छाती उघडली तर जखम भरणार कशाने? तीन महिने देतो. मटण, अंडी, डाळी, भाज्या. वजन पाच-सहा किलो वाढलं पाहिजे. वाढलं तर ऑपरेशन करू.’’

‘‘आणि चावू कशाने?’’ वायरमनने तोंड उघडून दाखवलं.

डॉक्टरांनी एकदा आत बघितलं. ‘‘कवळी करून घ्या. आजच.’’

तेव्हा हिशेब अगदी सरळ होता. कवळी आली की चावता येणार, चावता आलं की वजन येणार, वजन आलं की झडप. घरातल्या सगळ्यांना तो समजला होता. सगळी म्हणजे तीन माणसं: तो, बायको, आणि दोन गल्ल्या पलीकडे दिलेली लेक. लेक औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायचं काम तिचं.

दातांची डॉक्टरीण तरुण, हसरी आणि हाताने पक्की होती. तिने उरलेले खुंट काढले, ‘‘पकडीचे व्रण आहेत का हे?’’ असं विचारून उत्तराची वाट बघितली नाही. जखमा भरेपर्यंत थांबवलं, मग माप घेतलं. गुलाबी लगदा तोंडात भरून म्हणाली, ‘‘काका, हलू नका.’’ हा पुतळ्यासारखा बसला. शेवटी एक दिवस वरची आणि खालची अशी दोन्ही तिने त्याच्या तोंडात बसवली आणि हातात आरसा दिला.

तिथेच घोटाळा झाला. आरशात गाल भरलेला, ओठ जागेवर आलेला, दहा वर्षांपूर्वीचा माणूस बसला होता. डॉक्टरीण सांगत होती, पुढच्या दातांनी तोडू नका, छोटे घास घ्या, दोन्ही बाजूंना थोडं थोडं ठेवून चावा, सुरुवातीला मऊच खा. आणि हा आरशात बघत मान हलवत होता. फ्यूज कसा बदलायचा हे तो समजावून सांगे तेव्हा गिऱ्हाइकं हलवत तशी. एक शब्द आत गेला नाही. लेक बाहेर पावती घेत होती.

त्या दिवशी बायकोने मटण केलं. ताटासमोर बसवून स्वतः समोर खुर्ची घेऊन बसली, परीक्षेला सुपरवायझर बसतात तशी.

त्याने तुकडा पुढच्या दातांत धरला आणि सवयीने झटका दिला. वरची कवळी मागून सुटली आणि जिभेवर आपटली. त्याने तोंड मिटून ती जागेवर ढकलली. तुकडा बाजूला नेला, दाबला. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने खालची उठे. खालची तर धड टेकतच नव्हती, जिभेवर तरंगत होती. ‘लूज कॉन्टॅक्ट,’ तो मनात म्हणाला. मटणाचा तुकडा धुण्याच्या मशीनमधल्या मोज्यासारखा गोल गोल फिरला आणि होता तसाच राहिला. टाळूवर प्लास्टिक, त्यामुळे चव लागेना, आणि रस्सा किती गरम आहे ते घशात गेल्यावर कळलं. डोळ्यांत पाणी आलं.

‘‘तिखट झालं?’’ बायकोने विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग जमतंय ना?’’

ती इतकी पुढे झुकून बसली होती, की ‘नाही’ म्हणायला त्याचं तोंड उघडेना. ‘‘हळूहळू,’’ तो म्हणाला, आणि तुकडा तसाच गिळला.

आठवड्याने दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरणीच्या हाताखालच्या मुलीचा. मागे कुणाचं तरी पोर रडत होतं, ड्रिलचा आवाज येत होता, आणि ती मुलगी रोज असे वीस फोन करते हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं.

‘‘काका, नवी कवळी चावते का?’’

वायरमनला बरं वाटलं. अगदी मुद्द्याचं विचारलं पोरीने. ‘‘नाही चावत,’’ तो म्हणाला.

‘‘अजिबात नाही?’’

‘‘अजिबात नाही. सगळं खाऊन बघितलं. एकदाही नाही.’’

‘‘अरे वा, छान!’’

तो गडबडला. ‘‘छान?’’

‘‘हो, छान बसली म्हणजे.’’

‘‘बसली आहे, पण चावत नाही.’’

‘‘तेच म्हणतेय मी, काका. नाही चावत ना? मग कशाला येता? वापरत राहा.’’

‘‘म्हणजे असंच राहणार?’’

‘‘हो हो, आता असंच राहील. काळजी करू नका.’’ फोन ठेवला गेला.

वायरमनने रिसीव्हर जागेवर ठेवला. मग त्याने आपल्या पद्धतीने विचार केला. दवाखाना म्हणतो, फिटिंग बरोबर आहे. म्हणजे आपल्यालाच वापरता येत नाही. जन्मभर तो हे इतरांना सांगत आला होता. आता त्याला कोणीतरी सांगितलं आणि त्याने ते निमूट मानलं. कारागीर माणसाची ही एक खोड असते. दुसऱ्या कारागिराने काम ठीक आहे म्हटलं की तो उलटून बोलत नाही.

‘‘कोणाचा फोन?’’ बायकोने आतून विचारलं.

‘‘दवाखान्याचा. सगळं ठीक आहे म्हणतात.’’

‘‘देव पावला,’’ बायको म्हणाली आणि संध्याकाळी चार अंडी उकडली.

पुढचे दिवस त्याने सराव केला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. बायको बाजारात गेली की गॅलरीत बसून तो गाजराचा तुकडा चावून बघे. बायकोने चिरून ठेवलेली भाजी, भाजलेला पाव, शेंगा, सगळ्यावर प्रयोग झाले. गाजराला दातांच्या खुणा पडत, तुकडे पडत नसत. शेंगेचा एक कण कवळीखाली शिरला तर असा काही टोचे की डोळ्यांपुढे काजवे चमकत. मग कवळी काढ, धू, पुन्हा घाल. ती काढलेली कोणी बघू नये म्हणून नळाकडे भिंतीला तोंड करून उभा राही. सुटलेल्या, आत ओढलेल्या तोंडाचा माणूस बायकोने वर्षानुवर्षं बघितला होता, तरी आता त्याला लाज वाटत होती. नवी वस्तू घरात आली की जुन्याची लाज वाटतेच.

मग त्याने सोपा मार्ग धरला. सगळीच माणसं धरतात. ताटातलं मऊ ते खायचं. कडक ते तोंडात घालायचं, जबडा हलवायचा, आणि बायको आत वळली की रुमालात. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लाँड्रीचं मागचं अंगण होतं आणि तिथे एक मरतुकडं कुत्रं असायचं. रुमाल खिडकीतून झटकला जाई. कधी बायको जागची हलत नसे, तेव्हा गिळावं लागे, अख्खंच्या अख्खं. मग रात्रभर पोटात दगड. सकाळी ती विचारी, ‘‘झोप नाही लागली?’’ आणि हा म्हणे, ‘‘जास्त झालं काल जेवण.’’ तिला त्याने बरंच वाटे. जास्त झालं जेवण!

त्याला काय वाटत होतं? ऑपरेशन नको होतं? तसं नव्हतं. त्याला जगायचं होतं, चांगलंच जगायचं होतं. लेकीच्या नव्या घराचं वायरिंग त्याला स्वतः करायचं होतं, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नव्हता. पण आज जमलं नाही तर उद्या जमेल, असं तो रोज म्हणत होता, आणि रोज बायकोला तोंड भरून हसून दाखवत होता. हसायला कवळी फार छान होती.

बायकोलाही शहाणी म्हणायचं कारण नाही. समोर बसून माणूस वाळत होता आणि ती ताट रिकामं झालं की खूश. ‘‘अंगी लागायला वेळ लागतो,’’ ती लेकीला सांगायची. ‘‘इतक्या वर्षांची उपासमार आहे.’’

लेकीच्या लक्षात आलं ते कुत्र्यामुळे. एका रविवारी ती जेवायला आली. जिना चढण्याआधी लाँड्रीवाल्या काकूंशी दोन शब्द बोलायला थांबली.

‘‘तुमच्या आईच्या हाताला चव आहे हो,’’ लाँड्रीवाली म्हणाली.

‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘मला नाही, याला.’’ तिने कुत्र्याकडे बोट दाखवलं. ‘‘बघा कसं बाळसं धरलंय. बरोबर जेवणाच्या वेळेला खिडकीखाली येऊन बसतं. काल आख्खं अंडं पडलं वरून.’’

लेक वर आली, बापाच्या शेजारी बसली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. मनगटाच्या दोन हाडांमध्ये खड्डा पडला होता. आता एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लेक, खिडकी दूर. वायरमनने मटणाचा तुकडा तोंडात घातला, जबडा चार वेळा वर-खाली केला आणि गिळला.

तुकडा गेला नाही. आलाही नाही.

त्याने टेबलाची कड धरली. आवाज फुटेना. चेहरा आधी लाल झाला, मग वेगळ्याच रंगाचा. बायको ‘‘पाणी, पाणी’’ म्हणत ग्लास पुढे करत होती. लेकीने तिला ढकललं, बापाला कमरेतून वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने मारलं. एकदा, दोनदा, जीव खाऊन. आधी वरची कवळी ताटात पडली. मग तुकडा. मग तो श्वास, करवत चालल्यासारखा.

बरं वाटल्यावर तो खुर्चीत मागे रेलला. तोंड पूर्वीसारखं आत गेलं होतं. बायकोने ताटातला तुकडा उचलून उजेडात धरला.

‘‘हा तर मी घातला तसाच आहे. चावला नाहीत?’’

‘‘चावत नाही.’’

‘‘कोण चावत नाही?’’

‘‘कवळी. चावतच नाही ती. कधीच चावली नाही.’’

‘‘मग इतके दिवस दवाखान्यात सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं?’’

‘‘सांगितलं ना!’’ तो चिडला. चिडल्यावर खोकला आला. ‘‘त्या पोरीने फोन करून विचारलं, कवळी चावते का. मी स्पष्ट सांगितलं, नाही चावत. अजिबात नाही चावत. तर म्हणाली, छान.’’

लेकीने दोन्ही हात तोंडावर धरले. ‘‘बाबा, ती विचारत होती टोचते का. नवी चप्पल चावते, तशी.’’

खाली कुत्रं भुंकलं.

वायरमनने ते वाक्य मनात पुन्हा एकदा चालवून बघितलं, उलट बाजूने तपासलं. ‘‘मग टोचते का असं विचारायचं,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘मला काय स्वप्न पडणार?’’

बायको हसायला लागली. थांबता येईना इतकी हसली, टेबलावर डोकं ठेवून. लेकीला वाटलं आता हसणं संपेल. ते संपलं तेव्हा ती रडत होती.

दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरणीने कवळी घालून बघितली, काढून बघितली, हिरड्यांवरून बोट फिरवलं. फोन करणारी मुलगी दाराशी उभी होती आणि तिला काय झालंय ते कळलं होतं. ‘‘मी रोज असंच विचारते,’’ ती एवढंच म्हणाली. तिला कोणी रागावलं नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? प्रश्न बरोबर होता, उत्तरही बरोबर होतं.

‘‘आता दुरुस्त करा मॅडम,’’ बायको म्हणाली. ‘‘चावेल अशी करा.’’

डॉक्टरीण हातमोजे काढून समोर बसली. ‘‘काकू, हिच्यात बिघाड नाही. चांगली बसली आहे. पण दात हाडात रोवलेले असतात, ही नुसती हिरडीवर ठेवलेली असते. अगदी उत्तम कवळीनेसुद्धा खऱ्या दातांच्या पाव हिश्श्याइतकंच चावता येतं. फार तर एक तृतीयांश. ते सुद्धा शिकून, छोट्या घासांनी, दोन्हीकडे सारखं दाबून. आणि काकांनी खालच्या दाढा कधीच काढून टाकल्या. दात गेले की हाड झिजतं. खाली आता उंचवटाच उरला नाही, कवळी धरणार कशाला?’’

‘‘मी सांगितलं होतं का हे?’’ ती स्वतःशीच बोलल्यासारखी पुढे म्हणाली. ‘‘छोटे घास सांगितलं होतं. पाव हिस्सा नव्हतं सांगितलं.’’

‘‘आणि ते हाडात स्क्रू घालून बसवतात ते?’’ लेकीने विचारलं.

‘‘झडपेचं झाल्यावर. आधी कोणी हात लावणार नाही.’’

वायरमन इतका वेळ ऐकत होता. ‘‘म्हणजे,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘मला वापरता येत नव्हतं असं नाही.’’

‘‘नाही हो, काका.’’

त्याने मान हलवली. त्याला बरं वाटलं, हे कितीही विचित्र वाटलं तरी खरं आहे.

‘‘चावायचं काम दुसऱ्या कोणीतरी करायचं,’’ डॉक्टरीण उठत म्हणाली. ‘‘सुरीने करा, मिक्सरने करा. पोटाला काही फरक पडत नाही.’’

इतकं सोपं होतं ते. पहिल्या दिवसापासून इतकंच सोपं होतं. तीन महिन्यांतला एक महिना शिल्लक होता.

त्या महिन्यात बायकोने घरात कोणालाही न विचारता सत्ता हातात घेतली. मटण शिजवून मिक्सरमध्ये, डाळ मिक्सरमध्ये, अंडं दुधात फेटून. पहिल्या दिवशी वाटीतला तो राखाडी गोळा बघून वायरमन म्हणाला, ‘‘हे मी खाणार? बोळकं तोंड असलेल्या पोरांना भरवतात हे.’’

‘‘मग तुम्ही कोण आहात?’’ बायकोने चमचा पुढे केला. ‘‘उघडा.’’

त्याने उघडलं. कवळी काढून, टाळू मोकळी करून त्याने ते खाल्लं, आणि कितीतरी दिवसांनी त्याला मटणाची चव लागली. दुसरी वाटी मागितली. बायको पाठ फिरवून उभी राहिली, थोडा वेळ काही शोधत असल्यासारखी.

मिक्सर दिवसातून चारदा ओरडायचा. लाँड्रीवाली विचारायची, ‘‘काय कारखाना काढलात काय?’’ कुत्रं खिडकीखाली येऊन बसायचं आणि निराश होऊन जायचं. लेकीने दुकानातला वजनाचा काटा आणून ठेवला. पहिले दोन आठवडे काटा हलला नाही. नंतर हलला. मग भराभर हलायला लागला. एक किलो. दोन. चार. बायको काट्यासमोर गुडघ्यांवर बसून आकडा वाचायची आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडून सांगायची. वायरमन लेकीला म्हणाला, ‘‘तुझ्या घराचा मेन बोर्ड दाराच्या आत नको, बाहेर घेऊ. नकाशा आण.’’ दम पूर्वीपेक्षा जास्त लागत होता, उशा तीन लागत होत्या, पण वजन वाढलेल्या माणसाला दम लागणारच, असं तिघांनीही मानलं. चपला घट्ट व्हायला लागल्या तेव्हा बायको म्हणाली, ‘‘बघा, पायसुद्धा भरले.’’

ठरलेल्या दिवशी छातीच्या डॉक्टरांनी वजन बघितलं. पाच किलोच्या वर. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत. डॉक्टरांनी वायरमनला पलंगावर बसवलं, विजार घोट्याच्या वर सारली आणि नडगीवर अंगठा दाबला. दाबून धरला. मग काढला.

अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. ओल्या मातीत राहावा तसा.

चौघंही त्या खड्ड्याकडे बघत होती. तो भरून येईना.

‘‘हे वजन नाही,’’ डॉक्टर म्हणाले. या वेळी ते घाईत नव्हते, त्यावरूनच लेकीने ओळखलं. ‘‘हे पाणी आहे. हृदय ओढत नाही, पाणी साठतंय. खाली मांस आहे तेवढंच आहे.’’ त्यांनी विजार सावकाश खाली केली. ‘‘दोन महिन्यांपूर्वी खाणं अंगी लागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता टेबलावर घेतलं तर तिथून उठणार नाहीत.’’

‘‘मी दिलं होतं खायला,’’ बायको म्हणाली. तिचा आवाज इतका लहान होता की डॉक्टरांना ऐकू आला नाही.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, पाणी मोजून प्यायला सांगितलं, मीठ बंद सांगितलं. त्रास कमी होईल म्हणाले. बरं होईल असं म्हणाले नाहीत.

तीन मजले चढायला त्याला बराच वेळ लागला. प्रत्येक वळणावर तो पायरीवर बसला, आणि दोघी त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, कोणाला तरी वाट द्यायची असल्यासारख्या भिंतीला चिकटून. लेक त्याला खुर्चीत बसवून गोळ्या आणायला पुन्हा खाली उतरली. बायको आत गेली. मीठ-मसाला मागून घालायचा म्हणून सकाळी निघताना नुसतंच शिजवून ठेवलेलं मटण तिने भांड्यात घातलं आणि मिक्सर सुरू केला.

‘‘बंद कर ते,’’ तो बाहेरून म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. ‘‘अगं, बंद कर!’’

मिक्सर थांबला. ती दारात आली.

‘‘आता कशाला?’’ तो म्हणाला. ‘‘वजन कुणाला दाखवायचंय?’’

‘‘सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही.’’

‘‘मला नको.’’

‘‘भूक नाही?’’

भूक होती. फार होती.

ती आत जाऊन वाटी घेऊन आली, चमचा त्याच्या हातात दिला आणि समोर बसली; पुढे झुकून नाही, नुसतीच बसली. त्याने कवळी काढली आणि या खेपेला भिंतीकडे वळला नाही. पेल्यातल्या पाण्यात ती टाकली. एक घास घेतला, टाळूवर फिरवला.

‘‘आळणी आहे.’’

‘‘मीठ बंद सांगितलंय.’’

‘‘ऐकलं मी.’’

त्याने वाटी खाली ठेवली नाही. दुसरा घास घेतला आणि तिच्याकडे बघत तो तसाच गिळला. ती थोडा वेळ त्याच्या पायांकडे बघत होती, चपलांच्या पट्ट्यांचे वळ उठले होते तिथे. मग उठली, आतून मिठाची बरणी आणली, झाकण काढलं आणि त्याच्या हाताशी ठेवली.